एक प्रश्न, एक पद्धत, एक सोबती: शेजारी देशांच्या अनुभवातून नागपूर परिसरात मानसिक आरोग्याचं काम कसं उभं करावं

नागपूर जिल्ह्यात गावपातळीवर मानसिक आरोग्याचं काम करू पाहणाऱ्या छोट्या संस्था, बचत गटांचे महासंघ, समाजकार्य महाविद्यालयं आणि आरोग्य खात्यातले उत्साही लोक यांच्यासाठी हा लेख आहे. काम मोठं वाटतं, पण ते पायरीपायरीने करता येतं. त्यासाठी लागणारं बरंचसं साहित्य आपल्या शेजारी देशांत आधीच तयार झालेलं आहे आणि त्यातलं पुष्कळ फुकट मिळतं.

आधी परिस्थिती बघू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या साधारण दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार आहे, आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ बसतात नागपूर शहरातल्या धंतोली-रामदासपेठेत, आणि ज्याची झोप उडाली आहे तो माणूस असतो नरखेडजवळच्या एखाद्या खेड्यात. हे अंतर नवीन डॉक्टर तयार होईपर्यंत थांबून मिटणार नाही.

नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश या देशांची अडचण हीच आहे. एका आरोग्य केंद्रावर एक डॉक्टर, घरोघरी फिरणारी एक आरोग्य सेविका, सासू-सुनेचं एकत्र घर, शेतीवरचं कर्ज, कामासाठी बाहेर गेलेला मुलगा. अशाच परिस्थितीत तिथल्या लोकांनी पद्धती शोधल्या आणि त्या तपासूनही पाहिल्या. म्हणून युरोपातल्या नमुन्यांपेक्षा शेजाऱ्यांचे नमुने आपल्याला जवळचे आहेत.

मात्र सहकार्य म्हटलं की आपण आधी परिषद भरवतो, मग सामंजस्य करार करतो, फोटो काढतो. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात तिथून करू नये. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर आजवर एकही झालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रचनेत तर पाकिस्तान आपल्या विभागातच नाही, तो पूर्व भूमध्य विभागात मोडतो. तरीही रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तयार झालेली पद्धत गोव्यात आली, तिच्यावर दोन्हीकडच्या लोकांनी मिळून काम केलं. पद्धत हातात घेतली की माणसं बोलू लागतात. म्हणून एक प्रश्न निवडा, त्यावरची एक पद्धत घ्या आणि ती पद्धत वापरलेला एक सोबती शोधा. पहिल्या वर्षासाठी एवढं पुरे.

पायरी पहिली: प्रश्न निवडा, तोही गावात बसून

‘मानसिक आरोग्य सुधारणे’ हा काम सुरू करण्याजोगा प्रश्न नाही. ‘बाळंतपणानंतर वर्षभरात खचलेल्या बायका कोणाच्याच नजरेस येत नाहीत’, ‘फवारणीच्या हंगामात विषबाधेच्या केसेस वाढतात’, ‘आशाताईंना दारूचं घर माहीत असतं, पण तिथे काय बोलावं हे माहीत नसतं’ हे प्रश्न आहेत. यातला एकच घ्यायचा.

तो ठरवायला तीन-चार गावांत जाऊन बसा. सभा घेऊ नका, सभेत सरपंच बोलतात. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या दोन-चार बायका, पारावर बसणारे म्हातारे, कृषी केंद्रवाला यांच्याशी वेगवेगळं बोला. ‘तुमच्याकडे डिप्रेशनचे पेशंट किती?’ असं विचारलंत तर उत्तर ‘कोणीच नाही’ असं येईल. ‘अलीकडे कोणाचं कशात मन लागत नाही असं दिसतं?’, ‘रात्री कोणाला झोप नाही?’, ‘कोण घराबाहेर पडेनासं झालंय?’ असं विचारा. लोक नावं घेऊन सांगू लागतील. नावं लिहू नका, फक्त प्रश्न लिहा.

पायरी दुसरी: आधी मागचं दार उघडं आहे ना, हे बघा

ही पायरी लोक सर्वांत शेवटी करतात आणि तिथेच काम बिघडतं. घरोघरी विचारपूस सुरू केली की पहिल्याच आठवड्यात एखादी बाई म्हणते, ‘जगावंसं वाटत नाही.’ त्या वेळी कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर विचारायलाच जाऊ नका.

नागपुरात जागा आहेत: मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स यांचे मानसोपचार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं, ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून विचारून घ्या. मग तुमच्यातल्या एकाने स्वतः गावातून एसटीने निघून ओपीडीपर्यंत जाऊन यावं. पहिली गाडी कितीची, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, कोणत्या मजल्यावर जायचं, औषध तिथेच मिळतं की बाहेरून आणावं लागतं, शेवटच्या एसटीने परत येता येतं का, हे सगळं एका कागदावर उतरवा. तोच कागद आशाताईच्या पिशवीत हवा.

टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकीने स्वतः तो नंबर लावून बघावा. आपण कधी न लावलेला नंबर दुसऱ्याला देताना आवाजात खात्री नसते.

पायरी तिसरी: कोणत्या प्रश्नासाठी कोणाकडे बघायचं

बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी पाकिस्तानकडे बघा. मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात तिथल्या लेडी हेल्थ वर्करना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच स्त्रियांना, समुपदेशनाची सोपी रीत शिकवली. नेहमीच्या गृहभेटीतच ती वापरायची. खचलेल्या मनात येणारे विचार ओळखायचे, त्यांच्या जागी उपयोगी विचार आणायचे आणि पुढच्या भेटीपर्यंत काहीतरी छोटं करून बघायचं, चित्रांच्या आधाराने. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ही सोबत मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. ‘थिंकिंग हेल्दी’ नावाची तिची पुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पुढे गोवा आणि रावळपिंडी अशा दोन्ही ठिकाणी गावातल्याच सामान्य बायकांकरवी ती देऊन पाहिली. तेव्हा परिणाम पहिल्यापेक्षा माफक आला आणि दोन्हीकडे सारखा आला नाही. हेही सोबत्याशी बोलताना विचारायचं असतं: कुठे चाललं, कुठे नाही आणि का.

ताण, काळजी, उदासी अशा सर्वसाधारण त्रासासाठी ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही पाच भेटींची रीत आहे. सावकाश श्वास घेऊन शांत होणं, सुटण्याजोगी अडचण वेगळी काढून तिच्यावर उपाय करणं, बंद पडलेली कामं थोडीथोडी पुन्हा सुरू करणं आणि जवळच्या माणसांचा आधार घट्ट करणं, या चार गोष्टी तिच्यात आहेत. पेशावरमध्ये तिची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले. नेपाळमध्ये तीच रीत गटात बसून दिली गेली. बचत गटाची सवय असलेल्या आपल्या बायकांना गटाची रीत सोयीची वाटेल असं मला वाटतं. एक मर्यादा मात्र पक्की धरा. जीव देण्याचा विचार पक्का झालेला आहे किंवा भास होतात, अशा माणसासाठी ही रीत नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

आजारी माणूस ओळखायचाच कसा, हा प्रश्न असेल तर नेपाळ. तिथल्या चितवनमध्ये गावातल्या स्वयंसेविकांसाठी एक साधन तयार झालं. एका कागदावर एका माणसाची छोटीशी गोष्ट आणि चित्रं. स्वयंसेविकेने गोष्ट कोणाला वाचून दाखवायची नाही. रोजच्या फिरण्यात दिसणारं कोणी या गोष्टीशी जुळतं का, हे तिने मनाशी ताडायचं. जुळत असेल तर दोनच गोष्टी बघायच्या: या त्रासाने रोजची कामं अडली आहेत का आणि त्या माणसाला मदत हवी आहे का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आरोग्य केंद्रात जायला सुचवायचं. अशा रीतीने ओळखलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ६४ जणांना तपासणीत खरोखर उपचाराची गरज निघाली. पदवी नसलेल्या बायकांनी केवळ माणसं ओळखीची असल्याच्या बळावर हे केलं. शिवाय नेपाळी मजकूर देवनागरीतच असतो, त्यामुळे मूळ कागद समोर ठेवून बराचसा अंदाज आपला आपल्याला येतो. चितवनमध्ये आजारातून बरे झालेल्या लोकांना तयार करून त्यांनाच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात बोलायला उभं केलं जातं. आपल्याकडे हे फारसं होत नाही, आणि ते व्हायलाच हवं.

आता श्रीलंका. विदर्भातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा अनुभव मुळातून समजून घ्यावा. १९९५ च्या सुमारास श्रीलंकेत लाख लोकांमागे ४७ आत्महत्या होत होत्या, जगातल्या सर्वाधिक दरांपैकी एक. त्यातल्या बऱ्याच कीटकनाशकाने. सरकारने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली: १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान, २००८ ते २०११ दरम्यान पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेंथिऑन. वीस वर्षांत दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. शेतीचं उत्पादन घटलं नाही. याचं कारण समजायला अवघड नाही. जीव द्यायची लहर पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळी हाताशी जे आहे ते कमी विषारी असेल, तर माणूस दवाखान्यात पोहोचतो, वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्या करत नाहीत.

तिथलाच दुसरा प्रयोगही लक्षात ठेवा. कीटकनाशकाचे डबे घरात कुलूपबंद पेटीत ठेवले तर फरक पडेल या विचाराने पन्नास हजारांहून अधिक घरांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आला, आणि पेट्यांनी फरक पडल्याचं दिसलं नाही. तेव्हा कोणी देणगीदार पेट्या वाटायचा प्रस्ताव घेऊन आला तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवा. त्याच साली आपल्या यवतमाळात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. तेव्हा विषारी औषधांचा प्रश्न आत्महत्येपुरताही नाही. गावपातळीवर आपण काय करू शकतो? बंदी घातलेल्या औषधांची यादी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून घेऊन कृषी केंद्रांवर लावायला लावणं, विषबाधेच्या प्रत्येक केसपेपरवर औषधाचं नाव लिहिलं जावं यासाठी रुग्णालयाकडे पाठपुरावा करणं, आणि कोणतं औषध पुन्हा पुन्हा येतं ते नाव-गाव न देता कृषी खात्याला लेखी कळवणं. श्रीलंकेतले निर्णय अशा नोंदींच्या आधारानेच झाले.

भूतान आणि बांगलादेशाबद्दल थोडक्यात. २०२२ च्या सप्टेंबरात भूतानमधल्या पारो इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आपल्या विभागातल्या देशांनी मानसिक आरोग्याची सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचा जाहीरनामा स्वीकारला, भारतही त्यात आहे. अधिकाऱ्यांना पत्र लिहिताना त्याचा हवाला द्या. बांगलादेशाने १९१२ चा जुना कायदा काढून २०१८ मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा केला. पुरानंतर आणि निर्वासितांच्या छावण्यांत काम करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. पूरग्रस्त भागात काम करणाऱ्यांनी तिकडे वळावं.

पायरी चौथी: सोबती शोधा, पत्र लिहा

ज्या पद्धतीची निवड केली तिचा एक तरी शोधनिबंध मिळवा. त्यावर संपर्काचा ईमेल असतो. पत्र एका पानाचं लिहा: आम्ही कोण, कोणत्या गावांत, कोणता प्रश्न, तुमच्या कोणत्या साधनाबद्दल विचारतो आहोत, आणि सध्या पैसे मागत नाही. शेवटी दोनच विनंत्या: साहित्य वापरायची परवानगी आणि तासभर बोलणं. तेही शक्यतो क्षेत्रात काम करणाऱ्या पर्यवेक्षिकेशी. प्राध्यापकापेक्षा गावात फिरणारी बाई जास्त उपयोगाचं सांगते: कोणत्या भेटीला सासू उठून जात नाही, कोणतं चित्र बघून बायका हसल्या, मानधन थकलं तेव्हा काय झालं.

दुसरा रस्ता आपल्याच शहरात आहे. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं नेपाळ आणि बांगलादेशातून डॉक्टर होऊन परत आली आहेत. त्यांचे शिक्षक, वर्गमित्र तिकडे आहेत, आणि ओळखीचा एक फोन दहा ईमेलपेक्षा भारी पडतो.

व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना: नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, बांगलादेश आणि भूतान अर्धा तास पुढे, पाकिस्तान अर्धा तास मागे, श्रीलंका आपल्याच वेळेवर. नेपाळी कार्यकर्त्यांशी हिंदीत छान जमतं.

पायरी पाचवी: कागदपत्रं, कंटाळवाणी पण टाळता न येणारी

पहिल्या वर्षी परदेशातून एक रुपयाही घेऊ नका, हा माझा आग्रहाचा सल्ला. विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तसा पैसा घेणं गुन्हा आहे. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि तेवढ्या काळात मूळ कामावर १५ लाख खर्च केलेली असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ‘आमच्या नोंदणीवर तुमचा पैसा घेऊन देतो’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या.

साहित्य घेणं, व्हिडिओवर शिकणं आणि अनुभव सांगणं यासाठी पैशाची देवाणघेवाण लागत नाही. परदेशी सोबत्याबरोबर संशोधन करायचं ठरलं, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. ते काम एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला सोबत घेऊनच करा. परदेशी पाहुणे बोलावून परिषद घ्यायची झाली तर केंद्रीय मंत्रालयांची मंजुरी आणि त्या कामाचा व्हिसा लागतो. काही देशांसाठी हे फार अवघड आहे. आणि रुग्णाचं नाव, फोन, फोटो, गाव यातलं काहीही देशाबाहेर पाठवायचं नाही, व्हॉट्सॲपवरही नाही.

पायरी सहावी: साहित्य आपल्या गावाचं करा

यावर वेळ घालवा, दोन-तीन महिने गेले तरी चालतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या या पुस्तिकांचं भाषांतर विनाव्यापारी कामासाठी करता येतं. मात्र मूळ पुस्तिकेचा उल्लेख आणि ‘हे भाषांतर संघटनेने केलेलं नाही’ ही ओळ द्यावी लागते. मराठी करणारी व्यक्ती शहरातली असेल तर तिच्या शेजारी एक आशाताई बसवा. मग तिसऱ्याच कोणाला तरी मराठीवरून अर्थ उलट सांगायला लावा, म्हणजे काय सुटलं ते कळतं.

नेपाळच्या धर्तीवर आम्ही बायकांच्या उदासीची एक गोष्ट लिहिली होती. पहिल्या मसुद्यात होतं, ‘मंदाबाई दिवसभर कोपऱ्यात बसून रडत असते.’ काटोलकडच्या एका गावात बायकांना ती वाचून दाखवली, तर एक जण म्हणाली, ‘रडाले टाइम कोनाले हाय मॅडम? बाई काम करतच राह्यते, बोलनं बंद होते फक्त.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग गोष्ट अशी झाली:

‘मंदाबाई पहाटे उठते, डबा करते, संत्र्याच्या बगिच्यात निंदायला जाते. पण दोन-तीन महिन्यांपासून ती कोणाशी बोलत नाही. बचत गटाच्या मीटिंगला येत नाही, कोणी बोलवायला गेलं तर डोकं दुखतं म्हणते. हळदीकुंकवाला गेली नाही. रात्री दोन वाजता उठून ओट्यावर बसलेली दिसते. लेकराने काही मागितलं तर अंगावर ओरडते, मग स्वतःलाच दोष देते. जेवण अर्धं टाकते.’

या बदलाने फार फरक पडला. पहिला मसुदा ऐकून कोणालाच कोणी आठवलं नव्हतं. हा ऐकताच आशाताई गप्प झाल्या आणि मग एक म्हणाली, आमच्या वॉर्डात अशा दोघी आहेत.

चित्रांचंही तसंच. डोक्याला पट्टा लावून पाठीवर डोको, म्हणजे विणलेली टोपली, वाहणारी बाई आपल्याकडे नाही, तिथे डोक्यावर पाटी किंवा हंडा येईल. पुरुषाच्या गोष्टीत पानटपरी, थकलेलं पीककर्ज, सावकाराचा फोन येईल. लक्षणं मात्र बदलायची नाहीत. झोप, भूक, मन न लागणं, थकवा, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार हे जसंच्या तसं राहायला हवं. बदललेला मसुदा सोबत्याला परत दाखवा, तो हेच तपासेल.

पायरी सातवी: कोणाला शिकवायचं आणि नंतर त्यांना कोण सांभाळणार

आशाताईंवर आधीच लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदींचा भार आहे. मानधन न देता आणखी एक काम टाकणं अन्यायाचं आहे आणि ते टिकतही नाही. मला सोयीचं वाटतं ते असं: आशाताईंनी फक्त ओळखायचं आणि सुचवायचं. बसून ऐकण्याचं, पाच भेटींचं काम बचत गटातल्या किंवा गावातल्या सुशिक्षित बायकांनी मानधनावर करायचं. पुरुषांसाठी पुरुषच हवेत. शेतकरी आपल्या कर्जाबद्दल सूनबाईच्या वयाच्या मुलीशी बोलत नाही.

विदर्भात हे होऊ शकतं याचा पुरावा घरचाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण त्यात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, तेही गावातल्याच कार्यकर्त्यांच्या बळावर.

प्रशिक्षणात भाषणं कमी आणि सराव जास्त ठेवा. एकीने मंदाबाई व्हायचं, दुसरीने भेटीला जायचं, तिसरीने बघायचं. बघणारीने तीन गोष्टी टिपायच्या: मधे तोडलं का, उपदेश केला का, ‘सगळं ठीक होईल’ म्हणून विषय बंद केला का. आपल्याकडे उपदेशाची सवय खोल आहे, ती जायला वेळ लागतो. भेट कुठे घ्यायची याचाही सराव हवा. ओसरीवर सासू, शेजारीण सगळे ऐकतात. विहिरीकडे जाताना, बगिच्याच्या बांधावर, अंगणवाडी सुटल्यावर रिकाम्या खोलीत बोलणं होतं.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायला शिकवा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाली तर एकटं सोडायचं नाही, घरात फवारणीचं औषध असेल तर विश्वासातल्या माणसाला सांगून ते घरातून हलवायचं, १४४१६ लावायचा आणि पर्यवेक्षकाला तिथूनच फोन करायचा. पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात, त्यांना कायदा सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवेल, पण ती नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. श्रीलंकेने हा गुन्हा १९९८ मध्येच काढला, पाकिस्तानने २०२२ मध्ये.

प्रशिक्षण संपलं की खरी गरज सुरू होते. दर आठवड्याला तासभर सगळ्यांनी एकत्र बसायचं, आपापल्या भेटी सांगायच्या, अडलं तिथे विचारायचं. महिन्यातून एकदा मेडिकलमधले किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापैकी कोणी यावं. आणि महिन्यातून एकदा शेजारी देशातली पर्यवेक्षिका व्हिडिओवर असावी. या एका तासात सहकार्य प्रत्यक्ष होतं. नाव न घेता एक भेट आपण सांगायची, एक त्यांनी. ऐकणाऱ्या बाईला जेव्हा कळतं की चितवनमधल्या बाईलाही सासूने दारातून परत पाठवलं होतं आणि तिने मग सासूच्याच गुडघेदुखीची विचारपूस करून घरात जागा केली, तेव्हा तिला पुढच्या भेटीचं बळ येतं.

पायरी आठवी: मोजा, पण थोडं

किती जण ओळखले, किती जण पहिल्यांदा आरोग्य केंद्रात किंवा भेटीला पोहोचले, किती जण शेवटच्या भेटीपर्यंत टिकले. एवढं वहीत ठेवा. त्रास कमी झाला का हे बघायला नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू ही प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे, नेपाळमध्येही तीच वापरतात, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवता येतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. कागद भरून झाला की त्याचं उत्तर त्याच क्षणी बघायचं, संध्याकाळी ऑफिसात गेल्यावर नाही.

पायरी नववी: आपणही द्यायचं

नुसतं घेणारा सोबती फार दिवस टिकत नाही. कापूस-सोयाबीनच्या शेतीतला ताण, संत्राबागा सुकल्यानंतरची घरं, फवारणीचा हंगाम यांचा अनुभव आपल्याकडे आहे. बदललेली मराठी गोष्ट, चित्रं, काय चाललं नाही याची टिपणं त्यांना पाठवा.

शिवाय शेजारी देशांची माणसं आपल्यातच राहतात. नागपूरच्या कॉलन्यांत रात्री शिट्टी वाजवत फिरणारे नेपाळी चौकीदार, चायनीजच्या ठेल्यांवर काम करणारी त्यांची पोरं, पूर्व पाकिस्तानातून येऊन गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शीकडे वसलेली बंगाली गावं, गोंदिया जिल्ह्यातली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत. घरापासून लांब, भाषा वेगळी, सणावाराला एकटेपणा. यांच्यासाठी नेपाळीतले, बंगालीतले कागद सोबत्याकडून आयते मिळतात, आणि त्यातलीच दोन-चार माणसं प्रशिक्षणात आली तर त्यांच्या वस्तीत शिरायला आपल्याला वाट मिळते.

वेळापत्रक

दोन देशांतले संबंध बिघडले की कॉल थांबतात, कधी सोबत्याचा निधी संपतो. म्हणून प्रत्येक साहित्याची प्रत पहिल्या महिन्यातच आपल्या संगणकावर घ्या, परवानगीचा ईमेल छापून फाइलला लावा आणि सहाव्या महिन्यापर्यंत आपल्यातल्या दोघी तरी इतरांना शिकवू शकतील अशा तयार करा.

पत्रव्यवहार आणि गावातल्या गप्पा दिवाळीनंतर सुरू करा, मसुदे जानेवारी ते मार्चमध्ये. प्रशिक्षण एप्रिल-मेमध्ये येईल. ऊन बघता सकाळी सातला सुरू करून अकराला आटोपायचं आणि उरलेला सराव संध्याकाळी. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत कोणाच्या दारात जाऊ नका. पेरणी उरकली की जुलैत भेटी सुरू करा, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर या फवारणीच्या महिन्यांत तुमच्या बायका गावात फिरत असतील आणि कापसाची वेचणी भरात येण्याआधी पाच भेटींची पहिली फेरी पूर्ण होईल.